खाडीचा गाळ वाचताना: थर आणि बिळं एकत्र कशी पाहायची

नदी समुद्राला मिळते त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला गाळ वरून एकसारखा दिसतो. करडा, चिकट, पाय धरून ठेवणारा. उभा काप घेतला की मात्र रेतीच्या आणि चिखलाच्या पातळ पट्ट्या दिसू लागतात, आणि त्या पट्ट्या तोडून खाली उतरलेल्या नळ्या, वळ्या, काळे-तांबूस डाग. पट्ट्या घातल्या पाण्याने, नळ्या कोरल्या प्राण्यांनी.

बहुतेक नवखे अभ्यासक यातलं एकच काहीतरी पाहतात. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी थर मोजतो आणि बिळांना थरांची नासाडी समजून टाळतो. जीवशास्त्राचा विद्यार्थी गाळ चाळून प्राणी वेचतो आणि ते ज्या गाळात राहत होते तो गाळच फेकून देतो. दोघांच्याही हाती अर्धीच माहिती लागते. पाणी किती जोरात वाहिलं हे थरांवरून कळतं. त्यानंतर किती काळ शांतता होती, पाणी किती खारट होतं, गाळ किती घट्ट होता, हे बिळांवरून कळतं. पुढची पद्धत या दोन्ही गोष्टी एकाच कापावर, एकाच वेळी नोंदवण्याची आहे.

आधी नकाशावर

चिखलात उतरण्यापूर्वी उपग्रह चित्रावर खाडीचे तीन भाग पाडा: समुद्राकडचा, मधला आणि नदीकडचा. रॉबर्ट डॅलरिंपल, ब्रायन झेटलिन आणि रॉन बॉइड यांनी १९९२ मध्ये खाड्यांची जी मांडणी केली ती आजही कामाची आहे. लाटांचा जोर असलेल्या खाडीत मुखाशी रेतीचा बांध असतो, आत शांत पाण्यात चिखल बसतो आणि सर्वांत आत नदीने आणलेल्या रेतीचा छोटा त्रिभुज प्रदेश तयार होतो. भरतीचा जोर असलेल्या खाडीचं मुख नरसाळ्यासारखं रुंद असतं, प्रवाहाच्या दिशेने लांबट रेतीचे दांडे असतात आणि मधल्या भागात पात्र एकाएकी नागमोडी होतं. दोन्ही प्रकारांत सर्वांत बारीक गाळ सहसा मधल्या भागात सापडतो. समुद्राची रेती बाहेरून आत ढकलली जाते, नदीची रेती आतून बाहेर येते, आणि दोघींचा जोर जिथे संपतो तिथे चिखल उरतो.

प्रत्येक भागात निदान एक जागा निवडा. त्या एका जागेवरही पाण्याच्या काठापासून वरच्या वनस्पतींपर्यंत काटकोनात एक रेषा आखा आणि त्या रेषेवर खालचा, मधला, वरचा असे तीन काप ठरवा. एखादी जागा रोज किती तास भरतीखाली राहते हे काही मीटरच्या अंतरात बदलतं, आणि बिळंही तेवढ्यातच बदलतात. संरक्षित क्षेत्र असेल तर परवानगी आधीच घ्या.

वेळ आणि जीव, दोन्ही सांभाळा

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सर्वांत खाली जाते, म्हणून सर्वांत जास्त गाळ उघडा पडतो. मात्र त्याच दिवशी भरतीही सर्वांत जोरात परत येते. ओहोटीच्या तळाच्या सुमारे दोन तास आधी उतरा आणि पाणी सर्वांत खाली गेलं की काम आवरायला घ्या.

दोन गोष्टी वेळापत्रकात लिहिलेल्या नसतात. खाडीत जसजसं आत जाल तसतशी ओहोटीची वेळ मुखापेक्षा उशिरा येते, त्यामुळे बंदराच्या तक्त्यातली वेळ आतल्या जागेला लागू नसते. दुसरं म्हणजे उथळ खाडीत भरतीची लाट पुढे सरकताना तिचा पुढचा उतार उभा होत जातो, म्हणून पाणी चढायला उतरण्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि ते समोरून येईल या भरवशावर राहू नका. तुमच्या मागचे छोटे ओहळ आधी भरतात आणि परतीची वाट तिथेच तुटते.

एकट्याने जायचं नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर ओढाताण करू नका. मागे टेकून वजन पसरा, पाय हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्या, मग काढा. सपाट फळी सोबत असेल तर फारच उत्तम, कारण तिच्यावर गुडघे टेकून कापही नीट घेता येतो.

खणण्याआधी पृष्ठभाग पाहा

फावडं लावलं की पृष्ठभाग संपला, म्हणून पहिली काही मिनिटं फक्त बघण्यात घालवा. अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवा, वरून फोटो घ्या आणि चौकटीतली छिद्रं, ढिगारे, खळगे मोजा.

चिखलावर सोनेरी-तपकिरी चकाकी दिसली तर तो डायटम या सूक्ष्म शैवालांचा थर आहे. ओहोटीत ती उजेडासाठी वर येतात आणि भरतीआधी खाली उतरतात. त्यांच्या चिकट स्रावामुळे गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि तो सहज वाहून जात नाही. त्यांना चरणारे प्राणी वाढले की हीच पकड सुटते आणि त्याच प्रवाहाला गाळ निघून जातो. खाडीच्या काठाची धूप हा केवळ पाण्याचा मामला नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

वळ्यावळ्यांची विष्ठेची ढेरी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर छोटा खळगा, अशी जोडी दिसली तर खाली अ‍ॅरेनिकोला जातीचा मोठा वलयी किडा असण्याची शक्यता आहे. खळग्याखाली त्याचं तोंड, ढेरीखाली शेपटी. मधल्या एका बिंदूतून निघालेल्या ताऱ्यासारख्या रेघा म्हणजे शिंपल्याने आपली नळी फिरवून पृष्ठभागावरचं अन्न ओढल्याची खूण. बिळाभोवती पसरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या खेकड्यांच्या: त्यांनी गाळ तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं काढलं आणि उरलेलं टाकलं. ज्वालामुखीच्या शंकूसारखा वाळूचा उंचवटा आणि त्याच्या टोकाला छिद्र असेल तर तिथे घोस्ट श्रिंप हा कोळंबीसारखा प्राणी खोलवर बोगदे काढत असतो.

काप घेणं

सर्वांत सोपं साधन म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा आणि ३० ते ४० सेंटीमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप. तो सरळ दाबा, वरचं तोंड घट्ट बंद करा, बाजूचा गाळ खणून काढा आणि खाली हात घालून पाइप उचला. नुसता ओढला तर निर्वात पोकळी तयार होऊन नमुना खालून गळतो. दाबताना आतला गाळ किती खचला तेही मोजा. पाइपच्या आत आणि बाहेर गाळाची पातळी वेगळी दिसते, तोच फरक.

बिळांसाठी मात्र मला खड्डा जास्त आवडतो. अरुंद पाइपात बीळ क्वचितच पूर्ण सापडतं, मोठी तर सुटूनच जातात. निदान ४० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, त्याची एक भिंत उभी ठेवा आणि ती धारदार पातं आडवं फिरवत साफ करा. वरून खाली फिरवलं तर चिखल रेतीवर माखला जातो आणि नसलेली बिळं दिसायला लागतात. भिंत साफ होताच मोजपट्टी लावून फोटो घ्या. काळा गाळ हवेत उघडा पडला की रंग लवकर बदलतो, आणि रंग हा निम्मा पुरावा आहे.

बिळाचा पूर्ण आकार हवाच असेल तर त्यात पातळ रेझिन ओतून साचा काढतात. पण त्यात आतले प्राणी मरतात आणि न निघालेला तुकडा गाळात कायमचा राहतो. अगदी गरज असेल तरच, आणि मोजक्या बिळांत.

थर वाचणं

आधी कण. रेती म्हणजे ०.०६३ ते २ मिलिमीटर, त्याखाली गाळवट, आणि ०.००४ मिलिमीटरच्या खाली चिकणमाती. जागेवर बोटांत चोळून पाहणं पुरतं: खरखर लागली तर रेती, पिठूळ लागलं तर गाळवट, वळून लांब वळी झाली तर चिकणमाती.

पण एवढी बारीक माती वाहत्या खाडीत बसतेच कशी? ०.००२ मिलिमीटरचा एकटा कण स्थिर पाण्यातही दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर खाली जातो, आणि भरती-ओहोटीच्या मधली स्तब्धता तासाभराचीही नसते. उत्तर मिठात आहे. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना दूर ढकलतात. खारं पाणी मिसळलं की ते ढकलणं कमी होतं, कण चिकटून गुच्छ बनतात आणि असे गुच्छ मीटरभर पाणी अर्ध्या तासाच्या आसपास उतरू शकतात. म्हणूनच गोडं आणि खारं पाणी मिळतं तिथे कायम गढूळपणाचा पट्टा असतो. प्राणीही यात भर घालतात. त्यांच्या विष्ठेच्या घट्ट गोळ्या रेतीच्या कणांइतक्या मोठ्या असतात आणि वाहतातही रेतीसारख्याच. चाळणीत रेती वाटलेला गाळ दोन बोटांत चिरडून पाहा, कधी कधी तो निव्वळ चिखल निघतो.

आता पट्ट्या. रेतीत चिखलाचे तुटक तुकडे असतील तर प्रवाह बहुतेक वेळ जोरात होता. रेती आणि चिखल समसमान, लाटेसारखे असतील तर जोर आणि शांतता आलटून पालटून. चिखलात रेतीची सुटी भिंगं दिसली तर शांततेचं राज्य, मधूनच एखादा जोराचा प्रवाह. हान्स-एरिख राइनेक आणि फ्रीडरिख वुंडरलिख यांनी १९६८ मध्ये केलेली ही वर्गवारी वहीच्या पहिल्या पानावर चित्रासह काढून ठेवा.

यातली सर्वांत उपयोगी खूण म्हणजे चिखलाच्या पातळ पापुद्र्यांची जोडी. भरतीचं एक चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं आणि त्यात पाणी दोनदा थांबतं: भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर. दोन्ही वेळी पाण्याखाली असलेल्या जागेवर दोन पापुद्रे बसतात, मध्ये दुबळ्या प्रवाहाची पातळ रेती आणि पुढे जोरकस प्रवाहाची जाड रेती. ओहोटीला उघडी पडणारी जागा एकाच थांब्याचा पापुद्रा मिळवते. तेव्हा जोडी दिसली की ती जागा ओहोटीतही बुडलेली होती असं समजायला हरकत नाही. हे थर पुढे उधाणाला जाड आणि भांगाला (दोन उधाणांच्या मधले, भरती-ओहोटी सर्वांत दुबळी असण्याचे दिवस) पातळ होत जातात. दिवसातून दोन भरत्या असतील तर एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत जास्तीत जास्त २८ च्या आसपास जाड थर मोजता यायला हवेत. प्रत्यक्षात कमीच मिळतात, कारण भांगाचे दुबळे प्रवाह कित्येकदा रेती हलवतच नाहीत.

एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जाड, आतून पूर्ण एकसंध आणि एकही बीळ नसलेला चिखलाचा थर दिसला तर त्याला शांत पाण्याचा थर समजू नका. गढूळपणाच्या पट्ट्यात तळाशी दाट चिखलाचं सूपच वाहत असतं, ते एका झटक्यात बसतं. प्राण्यांना तिथे पाय रोवायला वेळही मिळत नाही आणि घट्ट जमीनही.

बिळं वाचणं

पहिला प्रश्न: हे खरंच बीळ आहे का? मुळं खाली जाताना निमुळती होतात आणि फांद्या मूळ खोडापेक्षा बारीक असतात. बिळाचा व्यास बहुधा टिकून राहतो, भिंतीला अस्तर असू शकतं आणि आतला भराव बाहेरच्या गाळापेक्षा वेगळा असतो. खारेपणा एकाएकी बदलला की चिखल आकसून त्यात टोकदार, चातीसारख्या भेगा पडतात. आडव्या पृष्ठावर त्या बिळांसारख्या दिसतात, पण उभ्या कापात लगेच वेगळ्या ओळखू येतात.

मग रंग. वरचे काही मिलिमीटर ते सेंटीमीटर तपकिरी, खाली काळं. काळा रंग ऑक्सिजनविना तयार झालेल्या लोहाच्या सल्फाइडचा. काळ्या गाळात बिळाभोवती तांबूस-तपकिरी कडं असेल तर प्राणी त्यातून पाणी खेळवत होता, म्हणजे बीळ जिवंत आहे किंवा नुकतंच सोडलेलं आहे. कडं नसलेलं, काळं भरलेलं बीळ जुनं.

आकारावरून प्राण्याचं नाव ठोकण्याचा मोह टाळा. एकच प्राणी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी बिळं करतो, आणि एकमेकांशी संबंध नसलेले प्राणी हुबेहूब सारखी बिळं करतात. म्हणून शास्त्रात बिळांना प्राण्यांहून स्वतंत्र नावं आहेत: सरळ उभी नळी म्हणजे स्कोलिथॉस, यू आकाराची म्हणजे अ‍ॅरेनिकोलाइट्स, आडवी आणि वेगळ्या भरावाची म्हणजे प्लॅनोलाइट्स, स्क्रूसारखी पिळलेली म्हणजे गायरोलिथेस, फांद्यांची गुळगुळीत जाळी म्हणजे थॅलॅसिनॉइड्स. आजच्या गाळातही आधी आकार लिहा; प्राणी आत सापडला तरच त्याचं नाव.

प्राण्याचा आकार आणि बिळाची खोली यांचं नातं सरळ नाही. कोरोफियम हा तांदळाएवढा कवचधारी जीव जेमतेम पाच सेंटीमीटरचं यू आकाराचं बीळ करतो, पण एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी राहतो. हेटेरोमास्टस हा दोऱ्याएवढा किडा डोकं खाली करून दहा-पंधरा सेंटीमीटरवरचा काळा चिखल खातो आणि विष्ठा वर आणून टाकतो, म्हणजे खालचं वर नेणारा हा पंपच. उलट हेडिस्टे या वलयी किड्याची चिकट अस्तराची फाटे फुटलेली बिळं वरून खाली पाणी नेतात. ढवळण दोन्हीकडे आहे, पण गाळावर परिणाम वेगळा. नोंदीत दिशा लिहायला विसरू नका.

तळापासून वरपर्यंत वाकलेल्या थरांची एक उभी पट्टी दिसली, जणू कुणीतरी त्यातून घाईघाईने वर निसटलं, तर ती सुटकेची खूण. त्या जागी गाळ एकदम पडला होता. बिळाखाली त्याच्याच आकाराच्या कमानी एकावर एक रचलेल्या असतील तर गाळ हळूहळू साचत होता आणि प्राणी त्याच्यासोबत वर सरकत होता. साचण्याचा वेग ठरवायला या दोन खुणांइतकं भरवशाचं जागेवर दुसरं काही मिळत नाही.

मोजणी

भिंतीवर दर पाच सेंटीमीटरला ढवळणीला, म्हणजे प्राण्यांनी किती गाळ ढवळला याला, ० ते ६ असा गुण द्या. ० म्हणजे एकही बीळ नाही. १ म्हणजे ५ टक्क्यांपेक्षा कमी गाळ ढवळलेला. २ म्हणजे ३० पर्यंत. ३ म्हणजे ६० पर्यंत. ४ म्हणजे ९० पर्यंत. ५ म्हणजे थरांचे जेमतेम अवशेष. ६ म्हणजे थर पूर्ण पुसलेले. ए. एम. टेलर आणि रोलंड गोल्डरिंग यांची १९९३ ची ही मोजपट्टी दोन वेगळ्या माणसांनी वापरली तरी फार फरक पडत नाही, हा तिचा मोठा गुण. प्रत्येक गुणाशेजारी बिळांचे किती प्रकार आणि सर्वांत मोठ्याचा व्यास किती, हे दोन आकडे लिहा. या दोन आकड्यांवाचून नुसता गुण फारसा उपयोगाचा नाही.

प्राणी वेचायचे असतील तर ०.५ मिलिमीटरची चाळणी वापरा. १ मिलिमीटरच्या चाळणीतून बारीक किडे निसटतात आणि खाडीत तर बारीकच जास्त असतात.

खारेपणाशी जुळवणी

समुद्राचं पाणी हजारात सुमारे ३५ भाग मीठ बाळगतं. प्रत्येक कापापाशी दोन ठिकाणी मोजा: वाहत्या पाण्यात, आणि खड्ड्याच्या तळाशी पाझरलेल्या पाण्यात. वरचं पाणी एका भरतीत झपाट्याने बदलतं, गाळातलं पाणी मात्र फार सावकाश. म्हणूनच खाडीतले प्राणी बिळात राहतात. शत्रूपासून संरक्षण मिळतंच, पण खारेपणाच्या हेलकाव्यांपासूनही मिळतं.

आडोल्फ रेमाने यांनी १९३४ मध्ये बाल्टिक समुद्रात दाखवलं की प्राण्यांच्या जाती सर्वांत कमी हजारात ५ ते ८ भाग खारेपणाला असतात. समुद्रातल्या जाती तिथवर गळून गेलेल्या असतात आणि गोड्या पाण्यातल्या अजून आलेल्या नसतात. खाडीत याचा परिणाम बिळांवर ठळक दिसतो: प्रकार थोडे, आकार लहान, रचना साधी, आणि जे प्रकार टिकतात त्यांची गर्दी. म्हणून गच्च बिळांनी भरलेला थर पाहून 'इथे जीवनाला अनुकूल स्थिती होती' असं लिहू नका. एकाच प्रकारची बारीक बिळं गच्च असणं हे उलट ताणाचं लक्षण आहे. अनुकूल समुद्री तळावर प्रकार अनेक असतात, मोठे असतात आणि वेगवेगळ्या खोलीवर राहतात. नदीकडे जाताना आधी प्रकार कमी होतात, मग व्यास, आणि गर्दी सगळ्यांत शेवटी. तुमच्या तीन जागांचे आकडे शेजारी मांडले की हा क्रम बहुधा दिसेल. दिसला नाही तर गढूळपणाचा पट्टा किंवा नदीचा पूर मध्ये आला आहे का, ते थरांत शोधा.

हेच खडकात

जर्मनीच्या किनाऱ्यावर विल्हेल्म्सहाफेन इथे रुडॉल्फ रिश्टर यांनी १९२८ मध्ये संशोधन केंद्र उभारलं ते याच हेतूने: आजचा चिखल पाहून जुना खडक समजून घ्यायचा. कॅनडातल्या अथाबास्काच्या तेलवाळूत वळणदार पात्राच्या आतल्या काठावर तिरपे साचलेले रेती-चिखलाचे जोडथर आहेत. त्यातली बारीक, मोजक्या प्रकारांची बिळं निमखाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. मरे गिंग्रास, जॉर्ज पेम्बर्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विलापा उपसागराच्या आजच्या आणि जुन्या गाळाची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, तीही याच वाटेवरची.

खडकात उतरताना तीन दुरुस्त्या करा. वरच्या काही सेंटीमीटरमधली बिळं पुन्हा पुन्हा ढवळली जातात, त्यामुळे टिकतात ती बहुतेक खोल बिळं; उथळ राहणाऱ्यांची गैरहजेरी गृहीत धरू नका. चिखल दाबला जाऊन निम्म्याहून पातळ होऊ शकतो, म्हणून त्यातल्या रेतीने भरलेल्या उभ्या नळ्या वेड्यावाकड्या दुमडतात. त्यांची लांबी धरून थराची मूळ जाडी काढा. आणि बिळाच्या भिंतीला अस्तर नसूनही कडा धारदार असेल, आत वरच्या थराची जाड रेती भरलेली असेल, तर ते बीळ मऊ चिखलात कोरलेलं नाही. गाळ आधी घट्ट झाला, वरचा भाग धुपून गेला, मग प्राणी आले. अशा रेषेवर काप थांबवा, तिच्या वरचे आणि खालचे ढवळणीचे गुण वेगळे लिहा, आणि दोन्हींची सरासरी कधीही काढू नका.